वाघोबाला राखी कुणी बांधली

आमच्या भातात चमकी निघायची. सोनेरी, कधी लाल, कधी हिरवी. आई म्हणायची, दाताखाली आली तर थुंकून टाका, नाही आली तर गेली पोटात. संपाचं दुसरं वर्ष होतं. बाबा गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे, ते बंद झाले होते आणि पुन्हा सुरू होतील असं फक्त बाबाच म्हणत होते. घाटकोपरच्या टेकडीवर आमची खोली. त्या खोलीत श्रावण बारा महिने असायचा, कारण आई राख्या करायची. बाजारातला व्यापारी दोरे, स्पंज, चमकी, मणी मोजून द्यायचा आणि तयार राख्या मोजून घ्यायचा. लोकांना वाटतं राख्या श्रावणात होतात. त्या जानेवारीतही होतात, मार्चमध्येही होतात, आणि ज्यांच्या घरात होतात त्यांच्या पांघरुणातसुद्धा गोंदाचा वास असतो.

बाबा पहिले काही महिने त्या कामाला हात लावत नव्हते. भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग एक दिवस गुपचूप पुढे सरकले आणि दोऱ्याचे गोंडे बांधायला लागले. सगळ्या चाळीत त्यांच्यासारखा गोंडा कुणाला जमायचा नाही. आईनं एकदा कौतुक केलं तर म्हणाले, "सूत माका ओळखता. मालक ओळखीत नाय, ता सोड."

मी सकाळच्या कॉलेजात जायची आणि दुपारी येऊन मणी ओवायची. अशी बी.ए. झाले. आमच्या घरात, आमच्या चाळीत, आणि आई सांगते त्याप्रमाणे गावच्या आमच्या वाडीतसुद्धा, पहिली. निकाल लागला तेव्हा बाबा माझी गुणपत्रिका घेऊन गिरणीच्या बंद गेटवर गेले. तिथे त्यांच्या खात्यातली माणसं अजून रोज येऊन बसायची. सगळ्यांना दाखवून संध्याकाळी परत आले. मी बी.ए. आहे हे तेव्हा मी कुणी न विचारता सांगायची. अजूनही सांगते.

पुढे बालवाडीचा कोर्स केला आणि घाटकोपर पूर्वेच्या एका शाळेत बालवाडीत बदली म्हणून लागले. तिथल्या आधीच्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे मध्येच सोडून गेल्या होत्या. तळमजल्यावर दोन वर्ग, लहान गट आणि मोठा गट, बाहेर एक घसरगुंडी. बालवाडीच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात एक फूल, आणि पेटीवर बोटं अशी फिरायची की बघत राहावं. माझा पहिल्याच दिवशी त्यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. म्हणाल्या, "काम बघू. कायम करायचं की नाही ते जानेवारीत संमेलन झालं की ठरवू."

बाबा तेव्हा एका इमारतीवर वॉचमन लागले होते. माझा पगार आणि त्यांचा पगार एकत्र केला तर आईला निम्मं काम टाकता येणार होतं. तिला तेव्हाच चष्मा लागला होता आणि तो ती कामाच्या वेळी सोडून कधीच लावायची नाही. पण बदलीच्या पगारावर कोण काय ठरवणार? बदली म्हणजे आज आहे, उद्या नाही. मला कायम व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि मोठ्या बाईंनी मला बोलावलं.

"संमेलनाची गाणी निवडायला घ्या. तीन बसवायची. दोन्ही गट एकत्र."

"हो बाई."

"पडद्यामागे गायचं तुम्हाला आहे, तेव्हा तुमच्या गळ्याला बसतील अशी बघा."

मला कळेचना. मग त्यांनी समजावलं. तिथली पद्धत अशी होती की मुलं रंगमंचावर उभी राहून हातवारे करायची आणि बाई पडद्यामागे माईक धरून गायच्या. मुलांनी ओठ हलवले तरी चालतील, नाही हलवले तरी चालतील. तेव्हा सगळ्या उपनगरात असंच चालायचं, काही ठिकाणी तर बाईंऐवजी कॅसेट लागायची. मोठ्या बाईंचंही कारण होतं. कधीतरी त्यांनी मुलांना खरंच गायला लावलं होतं, तर निम्मी रडली आणि एक मूल स्टेजवरच चड्डीत शू करून बसलं. "मुलं गात नसतात," त्या म्हणाल्या, "मुलं दिसतात. आपण गातो."

मी म्हटलं, "बाई, मला गाता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा आवाज घोगरा आहे. वर जात नाही."

हे खरं होतं. टेकडीवर आमच्याकडे नळ खाली होता. पाणी आलं की वरच्यांना हाक मारायची, आणि ते काम लहानपणापासून माझं. त्या हाका मारून मारून गळा पुरुषी झाला होता.

मोठ्या बाईंनी पेटीचं झाकण लावलं. "मग शिका," त्या म्हणाल्या. "जानेवारीला वेळ आहे अजून."

घरी येऊन सांगितलं तर बाबा मिशीतल्या मिशीत हसले. "तू गातलंस? आमच्या घरात कोंबडो बरो."

आई म्हणाली, "गप बसा हो. पोरीच्या नोकरीचा काय ता बघा."

मी बघायला लागले. शाळेच्या कपाटात बालगीतांची पुस्तकं होती, ती सगळी काढली. पहिलं गाणं मी निवडलं ते मला आवडायचं म्हणून. डोंगर, झरा, वनराई असं सगळं त्यात होतं. मोठ्या बाईंनी पेटी घेतली, मी माझ्या आवाजात ओढत नेलं. मोठ्या गटातली एक मुलगी, दोन वेण्या, कायम पुढे बसणारी, तिनं मध्येच हात वर केला.

"बाई, निर्झर म्हणजे काय?"

"झरा."

"झरा म्हणजे?"

"डोंगरातून पाणी येतं ना, आपोआप, ते."

तिनं विचार केला. "पाइप फुटतो तसं?"

"तसंच," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? त्या मुलांनी झरा बघितला नव्हता आणि खरं तर मीही गावी दोनदाच बघितला होता. ते गाणं गेलं.

दुसऱ्या गाण्याचे शब्द सोपे होते, पण ओळी लांब. मुलांचा श्वास शब्दाच्या पोटात तुटायचा. अर्धा शब्द एका श्वासात, अर्धा दुसऱ्या. ऐकताना वाटायचं सगळी जिने चढून आलीत. तेही गेलं.

तिसरं मोठ्या बाईंनी स्वतः सुचवलं. सुंदर गाणं होतं. बाई ते खालच्या सुरात, काळी चार या पट्टीत गायच्या, त्यांच्या गळ्याला ते असं शोभायचं की मावशीसुद्धा, म्हणजे आमच्या बालवाडीतल्या झाडलोट करणाऱ्या मावशी, केरसुणी धरून दारात थांबायच्या. पण मुलं सुरुवातीला खाली गुरगुरायची, आणि बाई वर चढल्या की ओरडायची. मधे कुठेच गात नव्हती. बाई म्हणाल्या, "बघितलंत? म्हणून म्हणते, मुलं गात नसतात."

मला ते पटलं नाही. का पटलं नाही ते तेव्हा सांगता आलं नसतं, म्हणून गप्प बसले. एरवी मी गप्प बसणारी नाही.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत लहान गटातल्या एका मुलाचा डबा सांडला. पोहे सगळे फरशीवर. आणि बाकीची सुरू झाली. "डबा सांडला, डबा सांडला, ए डबा सांडला." चिडवायची जी चाल असते ना, झोपाळ्यासारखी वर-खाली जाणारी, तीच. कुणी शिकवली नाही, कुणी पेटी धरली नाही. आणि सगळ्यांचा सूर एक. अगदी एक. तो मुलगा रडत होता, मावशी पोहे गोळा करत होत्या, "गप ऱ्हावा रे मेल्यांनो" म्हणत होत्या, आणि मी शहाण्या बाईसारखी त्यांना रागवायचं सोडून ऐकत उभी राहिले.

मग वर्गात पळाले आणि पेटी उघडली. मला पेटी येत नव्हती. एका बोटानं शोधत गेले, बाहेर ती चिडवत होती तोवर. पांढरी पाच ही पट्टी सापडली. मग तिच्या खालची तीन आणि वरची सहा. बास. तीन पट्ट्यांत सगळं चिडवणं बसलं. मोठ्या बाईंच्या सुरापेक्षा हे बरंच वर होतं आणि माझ्या आवाजापासून तर मैलभर लांब. मुलांचा आवाज तिथे राहत होता. आम्ही त्याला आमच्या घरी बोलावत होतो.

मावशी दारातून म्हणाल्या, "बाई, पोरगा रडतोय, आणि तुम्ही वाजवताय?"

त्या दिवसापासून मी गाणी उलटी निवडायला लागले. आवडतं का, हे शेवटी. आधी तीन-चार पट्ट्यांत बसतं का. ओळ एका श्वासात होते का. शब्द घाटकोपरच्या मुलानं बघितलेले आहेत का. पुस्तकांतली बहुतेक गाणी यात गळाली. शेवटी रविवारी घरी मणी ओवताना आई आणि शेजारणी जे म्हणत बसल्या होत्या त्याच्याकडे माझं लक्ष गेलं, आणि माझा हात थांबला.

ते मी लहानपणापासून ऐकत होते. म्हणजे इतकं ऐकलं होतं की ऐकू येईनासं झालं होतं. राख्यांचा गोंद सुकेपर्यंत चाळीतल्या बारक्या पोरांनी हात लावू नये म्हणून आईनं जुळवलेलं सवाल-जबाबाचं गाणं.

वाघोबाला राखी कुणी बांधली?
शेळीनं बांधली, शेळीनं बांधली.

मग मांजरोबाला उंदरीनं, बगळोबाला मासोळीनं. त्याचा नियम असा की जो आपल्याला खातो त्याला राखी बांधायची. मग तो भाऊ झाला, मग त्याला खाता येत नाही. पोरं हात पाठीमागे बांधून नवीन नवीन जोड्या शोधत बसायची आणि तेवढ्यात गोंद सुकायचा.

मी आईला म्हटलं, "हे मी संमेलनात घेणार."

आई लाजली. "अगो, ह्या काय गाणा आसा? शिकलेले लोक हसतले."

"मी पण शिकलेली आहे," मी म्हटलं.

सोमवारी एका बोटानं तीन पट्ट्या दाबत मी ते मुलांना शिकवलं. शब्द नुसते बोलून दाखवायची, गायची नाही. माझा सूर त्यांना लागू नये म्हणून. दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "बाई, तुमची पेटी बोबडी आहे." पण गाणं त्यांनी एका दिवसात उचललं. मोठा गट विचारायचा, लहान गट उत्तर द्यायचा. चौथ्या दिवशी ती माझ्याशिवाय घसरगुंडीवर गात होती. पालीला झुरळानं बांधली. गाढवाला धोब्यानं बांधली. हे चूक आहे, गाढव धोब्याला खात नाही, यावर मोठी मारामारी झाली.

मोठ्या बाई खिडकीत उभ्या राहून ऐकत होत्या हे मला नंतर दिसलं.

"हे कुठलं गाणं?"

"आमच्याकडचं."

"आमच्याकडचं म्हणजे? कोकणातलं लोकगीत?"

"लोकगीत नाही, बाई. आमच्या चाळीतलं. आई राख्या करते, तिनं जुळवलंय."

त्या म्हणाल्या, "पालक काय म्हणतील? जानेवारीत राखी?"

"आमच्याकडे जानेवारीतच असते."

"आणि तुम्ही पडद्यामागे हे गाणार?"

"मी नाही गाणार. मुलं गाणार. माईक मुलांच्या पुढे. मी खाली उभी राहीन."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. मान मी खाली घातली नाही. शेवटी ठरलं ते असं. दोन गाणी त्या स्वतः पडद्यामागे गातील, नेहमीसारखी. एक माझं. "मात्र," त्या म्हणाल्या, "फजिती झाली तर ती तुमची."

"हो."

"म्हणजे समजलं ना, काय म्हणते?"

समजलं होतं.

संमेलन शाळेच्या पटांगणात. मांडव, बाकं, फुगे. लाऊडस्पीकरवाल्याला मी सांगितलं की माईक मुलांच्या छातीएवढा खाली पाहिजे, तर तो म्हणाला, "ओ बाई, इतक्या खाली? कुत्र्यानं गायचंय काय?" त्याचा स्टँड खाली जाईना. मावशींनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर माईक बांधला. आई पहिल्यांदाच माझ्या शाळेत आली होती. कामाशिवाय कधी लावायची नाही तो चष्मा लावून. बाबा ड्युटीवरून तसेच आले, वॉचमनच्या खाकी कपड्यात, आणि बसा म्हटलं तरी शेवटच्या रांगेच्या मागे उभे राहिले.

मोठ्या बाईंची दोन्ही गाणी छान झाली. खरंच छान. फक्त दुसऱ्यात वरच्या ओळीला त्यांचा आवाज एकदा चिरकला, पण मुलं इतकी गोड हात हलवत होती की कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

मग माझं. पडदा उघडला. लहान गट एका बाजूला, मोठा गट दुसऱ्या बाजूला, मधे बादली. प्रश्न मोठ्या गटानं विचारायचा. आणि मोठा गट समोर बघत राहिला. पहिली दोन गाणी झाली तेव्हा समोर मांडवातले दिवे चालू नव्हते. आता कुणीतरी फोटोसाठी चालू केले होते, आणि मुलांना सगळे आईबाप दिसत होते. दोन वेण्यांच्या मुलीनं तोंड उघडलं आणि आईला टाटा केला. कुणी गाईना. मांडवात कुजबुज सुरू झाली. मागच्या पडद्याच्या फटीतून मला मोठ्या बाईंची साडी दिसत होती.

पेटी माझ्याजवळ नव्हती, ती मागे मोठ्या बाईंकडे होती. तीन पट्ट्या वाजवून सूर द्यावा, ते नाही. होता तो माझा आवाज. आणि मला भीती ही की मी खालच्या सुरात विचारलं तर मुलंही त्या सुरात खाली येतील, आणि मग गुरगुरतील, आणि संपलं. पण गप्प उभं राहणं मला कधी जमलं नाही. नळावरून टेकडीला हाक मारायचे तशी मी मारली.

"वाघोबाला राखी कुणी बांधली?"

आणि लहान गटाचा आवाज उठला. माझ्या सुरात नाही. त्यांच्या सुरात, वर, पांढऱ्या पाचवर.

"शेळीनं बांधली, शेळीनं बांधली."

मग मोठ्या गटाला राहवेना. हे आपलं काम होतं हे त्यांच्या लक्षात आलं. मांजरोबा त्यांनी विचारला, बगळोबा त्यांनी विचारला, मी हात खाली घेतले. माईक बादलीवर थरथरत होता आणि मुलांचा आवाज मांडवाबाहेर रस्त्यावर गेला होता. बसवलेली कडवी संपली. पडदा पडायला हवा होता. पडला नाही, आणि दोन वेण्यांच्या मुलीनं, जी आता पुरती जागी झाली होती, नवीन प्रश्न काढला.

"मोठ्या बाईंना राखी कुणी बांधली?"

मी मान हलवली, नको नको म्हणून. लहान गटानं एकमेकांकडे बघितलं. त्यांना नियम माहीत होता. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बोट केलं.

"बाईंनी बांधली, बाईंनी बांधली."

मांडव हसून फुटला. नियम पालकांनाही तोवर कळला होता. मी खाली, दिव्याच्या उजेडात, तोंड लपवायला जागा नाही. पडदा पडला.

आवराआवर चालली होती तेव्हा मी वर्गात गेले. मोठ्या बाई पेटीला कापड गुंडाळत होत्या. मला वाटलं, उद्यापासून येऊ नका म्हणतील. म्हटलं, म्हणू देत, उभ्यानं ऐकून घेऊ.

त्यांनी विचारलं, "मी खाते का तुम्हाला?"

"अजून नाही," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, पण कापडाची गाठ त्यांच्याकडून दोनदा सुटली. "पुढच्या वर्षी ते माझं कडवं गाळा," त्या म्हणाल्या. "आणि दुसरी दोन गाणीही अशीच बघा. मुलांच्या सुरातली. माझा घसा आता टिकत नाही, तुम्ही ऐकलंतच." मग घसा खाकरून म्हणाल्या, "जाताना मावशींना त्यांची बादली परत करा."

मी बादली उचलली आणि पटांगणात आले तेव्हा कुठे मला ते शब्द ऐकू आले. पुढच्या वर्षी.

बाबा फाटकाशी थांबले होते. आई पालकांच्या घोळक्यात अडकली होती, कुणीतरी बाई तिला त्या गाण्याचे शब्द विचारत होत्या आणि ती पदराशी चाळा करत सांगत होती. बाबांनी माझ्या हातातली बादली बघितली.

"तुझो आवाज मागेपर्यंत इलो," म्हणाले. "माईकाशिवाय."

त्या जूनमध्ये मी कायम झाले. आईनं व्यापाऱ्याला निम्मा माल परत नेऊन दिला आणि पुढच्या वर्षी उरलेला. त्या बालवाडीत मी निवृत्त होईपर्यंत राहिले, आणि तेवढ्या सगळ्या वर्षांत तिथे पडद्यामागे कुणी गायलं नाही. मुलं गायली.